वाघबारशीची धार

आमच्याकडं बायका नवऱ्याला 'अहो' म्हणत नाहीत. 'तो' म्हणतात. मी इथंही तो असंच लिहिते. त्याच्याबद्दल बाकीच्यांनी जे सांगितलं ते पुष्कळ लोकांनी ऐकलं. माझं कुणाच्या कानापर्यंत गेलं नाही, कारण मी हळू बोलते आणि समोरच्यानं बघितलं की मध्येच थांबते. लिहिताना समोर कुणी नसतं.

आमचा पाडा सुरगाण्याच्या डोंगरात, गुजरातच्या हद्दीला लागून. पावसाळ्यात नागली, वरई आणि थोडा भात. पाऊस सरला की काम संपतं, आणि थंडी सरली की पाणी संपतं. म्हणून पाऊस सरताच द्राक्षबागांच्या गाड्या माणसं न्यायला येतात. पाड्यातली निम्मी माणसं जवळच, नाशिकच्या बागांत जातात. आमची टोळी लांब सांगलीकडं जाते, कारण नवऱ्याचा चुलता तरुणपणी तिकडं गेला होता आणि तिथल्या बागेची वाट त्याच्या पायाखालची झाली. त्याला आम्ही सगळे काका म्हणतो. एक वर्ष फलटणच्या बाजूला डाळिंबात गेलो होतो. तिथं काट्यांनी हात असे झाले की भाकरी थापताना पीठ झोंबायचं. परत कुणी डाळिंबाचं नाव काढलं नाही.

नाशिक सोडलं की पिकअपमध्ये पाय मुडपून बसायचं ते कराडजवळ मलकापूरला उतरायचं. तिथं चहा मिळतो. तिथून पुढं उजवीडावीकडं नुसता ऊस. आष्ट्याच्या पुढं गेल्यावर उसातनं एक रस्ता आत वळतो आणि बाग लागते. बाग जुनी आहे. मालकाच्या आजोबांनी लावलेली, मांडवाचे खांब अजून दगडी. वेली तीनदा बदलल्या असं सांगतात, पण दगड तेच. काका म्हणायचा की यातले काही दगड त्याच्या बापानं रोवलेत. खरं असेल किंवा नसेलही. काका बाग दिसली की पहिल्या खांबाला हात लावून कपाळाला लावायचा, म्हणून आम्हीही लावायचो.

मालक पलटणीतून पेन्शनवर आलेला. त्याला सगळा गाव फौजी म्हणतो. मोठा आवाज, मोठ्या मिशा, आणि कामाच्या वेळेला चहाचा कप हातात घेऊन बांधावर उभा. वाईट माणूस नाही. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढं वाचून कुणाला तसं वाटेल.

ज्या वर्षाचं मी लिहिते आहे, त्या वर्षी पावसाळ्यात माझा सासरा गेला. पाड्याच्या शिवेवर वाघोबाचा दगड आहे. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते, त्या दिवशी गुराखी तिथं जमतात, दगडाला शेंदूर लावतात, दुधातला भात शिजवतात आणि वाघोबाला मोहाच्या दारूची धार टाकतात. आमच्या घराकडं त्या धारेचा मान आहे. सासरा होता तोवर तो टाकायचा. आता ते नवऱ्यावर आलं. पहिलंच वर्ष, आणि पहिल्याच वर्षी धार चुकली तर वाघोबा घर लक्षात ठेवतो असं आमच्यात मानतात. आमची एकुलती पोर, तेव्हा बारा वर्षांची, सासूबरोबर घरी राहायची. आश्रमशाळेला दिवाळीची सुट्टी लागली की शेळ्या घेऊन त्याच शिवेवर जायची. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या घरची कालवड वाघानं तिथूनच नेली होती. नवऱ्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

तो काकाला घेऊन फौजींकडं गेला. मी मागं उभी होते.

"चार दिवस घरी जाऊन येतो. देवाचं आहे," तो म्हणाला.

फौजींनी कप खाली ठेवला. "आरं गड्या, कुणाला सांगतूस? आज छाटलं की उद्या पेस्ट लागाया पायजे. डोळं काय तुज्या देवाची वाट बघत थांबत्यात व्हय? निम्मी बाग फुटली आन् निम्मी झोपली, तर मी काय करू?"

काका म्हणाला, "मालक, त्याचं पहिलं वर्ष आहे."

"म्हाईत हाय की काका. बाप गेला त्याचा, मला काय काळीज न्हाई?" फौजी जरा वेळ मिशी ओढत राहिले. "आसं कर, हितंच कर तुजा देव. बांधावर जागा काय कमी हाय? आन् वाघाचं म्हणशील, तर आमच्या उसात बिबट्या हाय. त्योबी तुज्याच देवाच्या भावकीतला."

सगळे हसले. तोही थोडा हसला. बागेतल्या आमच्या झोपडीकडं येताना मला म्हणाला, "देव तर सगळीकडं आहे. दगड कुठलाही चालेल." मग जरा चालल्यावर, "चालेल ना?" मी म्हटलं, चालेल.

पेस्ट म्हणजे काय ते लिहायला पाहिजे. वेल छाटली की काडीवर डोळे उरतात. ते आपल्या मनानं कधीही फुटतात, एक आज, एक आठवड्यानं. सगळे एकदम फुटावेत म्हणून त्यांना औषध लावतात. बादलीत औषध कालवतात, कुठला डोळा झाला आणि कुठला राहिला हे दिसावं म्हणून त्यात लाल रंग टाकतात, आणि फडक्यानं एक एक डोळा पुसल्यासारखा रंगवायचा. एका काडीला दोन-तीन डोळे, एका वेलीला पुष्कळ काड्या, आणि बागेला टोक दिसत नाही. दिवसभर मान वर. संध्याकाळी मान खाली घ्यायची तर हातानं धरून घ्यावी लागते.

पेस्टच्या पहिल्या दिवशी सकाळी फौजींनी सगळ्यांना ओळीत उभं केलं.

"आईका समदी. ह्ये औशद साधं न्हाई. हातमोजं घालायचं, नाकाला फडकं बांधायचं, खायच्या आदी हात साबणानं धुवायचं. आन् आजपास्नं पेस्ट संपून आठ दिस दारू न्हाई. थेंब न्हाई. ह्यावर दारू प्याला तर माणूस जागच्या जागी लाल हुतो आन् पडतो. मी बघितलंय. ही ऑर्डर हाय."

काका म्हणाला, "फौजी, तुम्हाला तर पलटणीत सरकारच पाजत होतं."

"ती सरकारी व्हती, काका. आन् तितं पेस्ट नव्हती."

पुन्हा हसणं झालं. पण सगळ्यांनी ऐकलं होतं. हे मला ठासून लिहायचं आहे. आमच्या टोळीत पिणारे होते, रोज संध्याकाळी आष्ट्याच्या बाजूला जाऊन येणारे. त्यांनीही त्या दिवसापासून बाटलीला हात लावला नाही. एकजण तर रात्री अंग थरथरतं म्हणून काकाशेजारी झोपायला आला. आम्ही औषधाला घाबरत होतो.

आणि तो तर पिणारा नव्हताच. त्याचा बाप प्यायचा. लहानपणी बापाला बाजारातून ओढत आणायचं काम त्याच्याकडं होतं. लग्न झालं तेव्हापासून त्याच्या तोंडाला कधी वास आला नाही. धारेचा घोट तेवढा घ्यायचा, कारण तो घ्यावाच लागतो. आमच्यात धार टाकणं आणि दारू पिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लग्नात, मयताला, पेरणीला, नवीन घराला, आधी मोठ्या माणसानं पळसाच्या द्रोणातून पूर्वजांच्या आणि देवाच्या नावानं जमिनीवर थोडी सोडायची, द्रोणात उरेल ती त्यानं संपवायची, आणि मग द्रोण पुन्हा भरून बाकीच्यांनी एकेक घोट घ्यायचा. बायकांनी ओठ लावायचे. लहान पोरांच्याही ओठांना बोट लावतात. त्याला कुणी पिणं म्हणत नाही, जसं देवळातलं तीर्थ घेतलं तर कुणी पाणी प्यायलो म्हणत नाही.

हातमोजे पातळ रबराचे होते. छाटलेल्या काड्यांची टोकं तिरकी असतात, त्यांत अडकून फाटायचे. वाघबारशीच्या दिवशी दुपारी माझे दोन्ही फाटले. फौजी म्हणाले, उद्या नवीन आणतो, आज आष्ट्यात बाजार बंद आहे. नवऱ्यानं आपले काढून माझ्याकडं टाकले.

"मला मोठे होतात," मी म्हटलं.

"मनगटाला सुतळी बांध. तुझ्या हाताला भाकऱ्या करायच्या आहेत. लाल भाकरी कोण खाईल?"

मग तो उघड्या हातानं लावत राहिला. छाटणीत त्याच्या बोटांना कात्रीचे कापे पडले होते. मध्ये मध्ये हात झटकायचा. झोंबतं का विचारलं तर म्हणाला, "डाळिंबापेक्षा बरं."

सासूनं मागून आलेल्या गाडीबरोबर एक छोटी बाटली पाठवली होती. घरच्या मोहाची. वाघोबाला दुकानातली चालत नाही म्हणून. बाटली तिनं नागलीच्या पिठात खुपसून पाठवली होती, फुटू नये म्हणून. काम सुटल्यावर आम्ही हातपाय धुतले. त्यानं साबण लावून दोनदा हात घासले. रंग निघाला नाही. नखांच्या कडेला आणि काप्यांमध्ये तो तसाच बसला होता.

बागेच्या कोपऱ्यावर, जिथं बांधापलीकडं उसाचं रान सुरू होतं, तिथं त्यानं सकाळीच एक उभा दगड बघून ठेवला होता. त्याला शेंदूर लावला. तीन दगडांवर मी भात ठेवला. दूध कुठून आणायचं हा प्रश्न होता. शेजारच्या पडीक रानात जतकडच्या धनगरांची मेंढरं बसली होती, त्यांची एक म्हातारी मावशी आमच्याशी बोलायची. ती स्वतःच तांब्या घेऊन आली.

"घ्या, मेंढीचं हाय. चालतंय का तुमच्या देवाला?"

"चालतं," काका म्हणाला.

"चालाया न्हाई काय झालं? गेल्या म्हैन्यात माजं कोकरू चाललं की त्याला." तिनं दगडाकडं बघून हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, "आवं वाघोबा, ह्यांचं आईकतासा तर माजंबी आईका. आता दूध पाजलंय, आता पुरं करा."

काका हसून हसून खोकला. ऊन अजून उसाच्या शेंड्यांवर होतं. भात झाला. सगळे दगडाभोवती बसले. फौजी घरी गेले होते. ते तिथं असते तर काय झालं असतं, हा विचार मी पूर्वी करायची. आता करत नाही.

त्यानं द्रोण भरला. बापाचं नाव घेतलं, त्याच्या बापाचं घेतलं. मग वाघोबाला म्हणाला, "आमची पोर शेळ्या घेऊन तुझ्या रानात येते. निळी ओढणी असते तिच्या डोक्यावर. तिच्याकडं बघू नको. म्हातारी आई आहे, तिच्याकडं बघू नको. मी लांब आहे, पण चुकलो नाही, हे बघ." आणि धार सोडली. माती कोरडी होती, लगेच पिऊन गेली. द्रोणात अर्ध्याच्या वर राहिली होती, कारण पहिल्या वेळेला त्याचा हात अडखळला आणि धार लवकर तुटली. उरलेली त्यानं संपवली. संपवावीच लागते.

मग काका, मग बाकीचे. मी ओठ लावले.

आधी माझंच झालं. गाल एकदम तापले, चुलीत तोंड घातल्यासारखे. छातीत धाडधाड व्हायला लागलं. मला वाटलं देवाचा वारा येतो की काय. मी त्याच्याकडं बघितलं आणि माझं मी विसरले, एवढं त्याचं तोंड लाल होतं. मान, कान, डोळ्यांचं पांढरं, सगळं. पेस्टच्या रंगासारखं. तो उठायला गेला आणि गुडघ्यावर बसला. म्हणाला, "डोकं फुटतंय." मग ओकला. मग छातीवर हात ठेवून श्वास शोधायला लागला. तिकडं काकाही ओकत होता. बाकीचे लाल होऊन एकमेकांकडं बघत होते.

"ह्ये काय गं झालं?" म्हातारी ओरडली. "आरं पळा की कुणीतरी! त्या फौजीला हाक मारा!"

मीच पळाले. फौजींच्या वाड्यासमोर पोचले तेव्हा मला बोलताच येईना, नुसता बागेकडं हात. फौजींनी माझं तोंड बघितलं, आणि माझं लाल तोंड बघून त्यांना सगळं कळलं. "कुणी प्यालं?" ते म्हणाले. "कोण प्यालं त्ये सांग!" मी म्हटलं, "कुणी नाही." खरंच मला तसंच वाटत होतं. कुणी प्यायलं नव्हतं.

त्यांनी जीप थेट बांधावर आणली. त्याला मागं आडवं घातलं, डोकं माझ्या मांडीवर. काका पुढं बसला, खिडकीतून बाहेर ओकत. आष्ट्यातल्या डॉक्टरनं बघून लगेच पुढं पाठवलं, मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाला. फौजी सगळ्या रस्त्यानं हॉर्न वाजवत होते आणि शिव्या देत होते, आम्हाला, स्वतःला, उसाच्या ट्रॅक्टरांना. नवरा मध्येच डोळे उघडून म्हणाला, "भात खाल्ला का कुणी?" मी म्हटलं, "खाल्ला." कुणी खाल्ला नव्हता. प्रसादाचा भात राहून गेला तर धार पुरी होत नाही, म्हणून मी तसं म्हटलं.

मोठ्या दवाखान्यात त्याला आत नेलं. एका डॉक्टरनं बाहेर येऊन विचारलं, "किती प्यायला होता?"

फौजी म्हणाले, "पेस्ट लावत हुती साहेब ही समदी. मी बजावून सांगितलं हुतं. दोन टायम सांगितलं हुतं."

"पेस्टवर दारू?" डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. "बाई, किती प्यायला?"

मी म्हटलं, "धार."

"म्हणजे किती?"

"द्रोण होता. अर्धा. देवाचा." मला पुढचं बोलायचं होतं. तो पीत नाही, हे म्हणायचं होतं. ते मी म्हटलंही. पण तोवर आतून कुणीतरी हाक मारली आणि डॉक्टर वळले. मी त्यांच्या पाठीला सांगितलं. मग फौजींना सांगितलं. ते म्हणाले, "व्हय गं बाई, कुणीच पीत न्हाई. समदीच देवमाणसं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला रागावता आलं नाही.

काका वाचला. उजाडताना नवरा गेला. त्यांनी मला आत बोलावलं तेव्हा तोंडावरचा लाल उतरला होता आणि तो नेहमीसारखा सावळा दिसत होता. फक्त हात लाल होते.

फौजींनी गाडी करून दिली आणि स्वतः नाशिकपर्यंत आले. मलकापूरला गाडी थांबली तेव्हा त्यांनी माझ्यासाठी चहा आणला. मी घेतला नाही, तर तो हातात धरून ते तसेच उभे राहिले, थंड होईपर्यंत. पण आमच्या आधी फोन पोचला होता, आणि फोनमध्ये एवढंच होतं: दारू पिऊन मेला. कुणी केला माहीत नाही. टोळीतल्याच कुणीतरी, धावपळीत. पाड्यात गाडी शिरली तेव्हा माणसं त्याच्याकडं बघण्याआधी एकमेकांकडं बघत होती. बापासारखाच निघाला, असं एक बाई माझ्यादेखत म्हणाली.

मयताला धार टाकतात. सासूनं द्रोण भरला. पोर तोवर भिंतीला टेकून उभी होती, ती पुढं आली आणि तिनं आजीचा हात धरला.

"दारूनंच मेला ना? मग आता परत तीच कशाला?"

सासू म्हणाली, "ही दारू नाही गं. ही धार."

"वास तोच आहे," पोर म्हणाली.

सासूनं धार टाकली. पोर घरात निघून गेली आणि बापाला नेलं तेव्हा बाहेर आली नाही. त्या दिवसापासून वर्षभर, बापाचा विषय कुणी काढला की ती तोंड फिरवायची. मी तिला सांगितलं, पहिल्यांदा रडत सांगितलं, मग निवांत बसून सांगितलं. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "पण प्यायला ना?" त्याला माझ्याकडं उत्तर होतं, पण ते तिच्या आणि माझ्या मध्ये कुठंतरी पडून जायचं. जिच्यासाठी त्यानं धार टाकली ती हीच पोर, हे मी तिला एकदाच सांगितलं. ते ऐकून ती दोन दिवस जेवली नाही. मग मी पुन्हा सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी काकाला फौजींचा फोन आला. टोळी कमी पडते, या. मी जाणार नाही असं सगळ्यांना वाटलं. पण नागली दिवाळीपर्यंतही पुरणार नव्हती, आणि दुसऱ्या कुठल्या बागेची मला माहिती नव्हती. पोर म्हणाली, मी स्वयंपाकाला येते. तिचं नाव शाळेत अजून आहे. ती मात्र गाडीत माझ्याशेजारी पाय मुडपून बसली होती.

बाग दिसली. काकानं पहिल्या खांबाला हात लावला. मी लावला नाही. पोरीनं माझ्याकडं बघितलं आणि तिनंही लावला नाही.

छाटणी झाली. पेस्टच्या पहिल्या दिवशी सकाळी फौजींनी सगळ्यांना ओळीत उभं केलं. निम्मी माणसं नवीन होती, आमच्याच डोंगरातली, पलीकडच्या पाड्यांची. पोर चुलीजवळ भांडी घासत होती. या वेळी हातमोजे जाड होते आणि खोकंभर होते. फौजींच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. आवाज मोठाच होता.

"गेल्या साली हितं एक गडी गेला," ते म्हणाले. "चांगला गडी व्हता. दारूपायी गेला. मी सांगून बी आईकलं न्हाई. म्हणून परत सांगतो, आजपास्नं दारू न्हाई. थेंब न्हाई. ही—"

"तो दारू प्यायला नव्हता."

हे मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. फौजी थांबले. ओळ वळून बघायला लागली. मी जमिनीकडं बघून बोलले, पण बोलले.

"त्यानं धार टाकली. आमची माणसं तिला दारू म्हणत नाहीत. तुम्ही दारू नको म्हणाला, सगळ्यांनी ऐकलं, कुणी प्यायलं नाही. धार नको असं तुम्ही सांगितलंच नाही. तुम्हाला माहीतच नव्हतं. आता सांगा. यांतल्या कुणाच्या तरी पिशवीत बाटली असणार. वाघबारस जवळ आहे."

चुलीजवळ भांड्यांचा आवाज थांबला होता. फौजींनी चहाचा कप बांधावर ठेवला, तो कलंडला, त्यांनी तो उचलला नाही.

"धार म्हंजे ती... देवाला सोडत्यात ती?" ते काकाला म्हणाले.

"आणि उरलेली आपण घेतो ती," काका म्हणाला. "घोट. मीही घेतला होता, फौजी. मला कुठं माहीत, देवाचीही लागते म्हणून."

फौजी ओळीकडं वळले. आवाज लहान झाला होता.

"आईकलं का? धार बी न्हाई. देवाची न्हाई, बापाची न्हाई, मयताची न्हाई. व्हटाला बी लावायची न्हाई. पेस्ट संपून आठ दिस जाईस्तोवर." ऑर्डर हा शब्द ते म्हणाले नाहीत.

ओळीच्या टोकाला पलीकडच्या पाड्याचा एक म्हातारा होता. त्यानं मला आमच्या बोलीत विचारलं, "मग वाघोबाला काय द्यायचं, बाई? पोरं घरी आहेत आमची."

"पाणी," मी म्हटलं.

"पाण्यानं तो ऐकेल?"

मला माहीत नव्हतं. तसं मी म्हटलं. म्हातारा पिशवीपाशी गेला, पिठात हात घालून बाटली काढली आणि माझ्या हातात दिली. बाटली पिठानं पांढरी होती. मी ती बांधापलीकडं नेऊन रिकामी केली. तिथं मागच्या वर्षीचा दगड अजून उभा होता. शेंदूर धुऊन गेला होता. मी ती कुणाचंही नाव न घेता ओतली.

त्या दिवशी संध्याकाळी हातमोजे काढून मी चुलीजवळ बसले. पोर भाकऱ्या थापत होती. तव्यावरची भाकरी उलटता उलटता तिनं विचारलं, "त्यानं धार टाकताना काय म्हटलं होतं?"

मी सांगितलं. निळ्या ओढणीचं पण सांगितलं.

तिनं भाकरी परत उलटली नाही. भाकरी जळायला लागली तेव्हा मीच ती तव्यावरून काढली.